आरोपीच्या रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काल रात्री गस्तीवर एका गर्दुल्ल्याला ताब्यात घेतलं. अंगझडती घेताना त्याच्या खिशातली वापरलेली सुई तुमच्या बोटात घुसली. हातमोजे नव्हते, रक्त आलं. त्याला एचआयव्ही किंवा कावीळ आहे का हे कळण्यासाठी त्याचं रक्त सक्तीनं तपासता येईल का? तो नाही म्हणतोय. ठाण्यात वरिष्ठ म्हणाले, कोर्टाची ऑर्डर घेऊ, तोवर थांब. आणि ऑस्ट्रेलियात पोलिसांसाठी असा कायदा आहे म्हणतात, मग आपल्याकडे का नाही?

कायद्याचं सगळं सांगतो, पण आधी हे ऐका: थांबू नका. ऑर्डर येवो न येवो, आरोपी हो म्हणो न म्हणो, तुम्ही आत्ता उठून सिव्हिलच्या कॅज्युल्टीत जा. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी गोळी टोचल्यापासून २ तासांत घेतली तर सर्वांत चांगलं, आणि ७२ तास उलटून गेले की तिचा उपयोग नाही. मधल्या काळात जितका उशीर, तितका फायदा कमी. तुमचे बारा-पंधरा तास गेले आहेत. अजून वेळ आहे, पण आजची नाइट करून उद्या सकाळी बघू, एवढा नाही.

तिथं गेल्यावर सांगा, 'ड्यूटीवर वापरलेली सुई टोचली आहे, पेप सुरू करायचं आहे.' पेप म्हणजे संसर्गाची शक्यता असलेल्या प्रसंगानंतर घ्यायचा प्रतिबंधक औषधांचा कोर्स. ड्यूटीवरच्या डॉक्टरला किंवा सिस्टरला हा शब्द माहीत असतो. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सध्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकच गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, रोज एक, २८ दिवस. पहिली गोळी तिथंच, पाण्याच्या घोटाबरोबर, कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता. पूर्वीच्या औषधांनी अंगातलं रक्त कमी व्हायचं, उलट्या व्हायच्या, निम्मे लोक मधेच सोडून द्यायच्या बेतात असायचे. आताची गोळी त्या मानानं सोपी आहे. काहींना सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, झोप नीट लागत नाही. किडनीचा काही त्रास असेल तर आधी सांगा. आणि पोलिसांना हमखास सांगतो ते तुम्हालाही सांगतो: ॲसिडिटीचं पातळ औषध आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, तिचा असर कमी होतो. ही गोळी आधी घ्या आणि मग निदान दोन तास जाऊ द्या.

त्याच वेळी तुमचं रक्त घेतील. यावर बरेच जण चिडतात. 'सुई त्याची, तपासणी माझी?' कारण असं आहे की त्या दिवशी तुम्ही निगेटिव्ह होता याचा कागद तेव्हाच होऊ शकतो, नंतर नाही. उद्या काही निघालं तर ते ड्यूटीवर झालं हे सिद्ध करण्यासाठी हाच रिपोर्ट, स्टेशन डायरीतली नोंद आणि कॅज्युल्टीचा एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर ही तीन कागदपत्रं कामाला येतात. नोंद केली नसेल तर आजच करा. कोणत्या बोटाला टोचलं, सुई कशी होती, तिच्यात रक्त दिसत होतं का, हे स्पष्ट लिहा. 'किरकोळ दुखापत' असं मोघम लिहू नका.

आता भीतीचं बोलू. मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं जिथं देतात तिथं, बरीच वर्षं काम करतो आहे आणि सुई टोचून आलेला पोलीस, नर्स किंवा सफाई कामगार यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मला झालं का?' एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तानं भरलेली सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता साधारण हजारात तीन. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर हजारात एकाहूनही थोडी कमी. अंगावर थुंकला तर एचआयव्ही होत नाही. हे आकडे औषध न घेतलेल्यांचे आहेत, आणि समोरच्याला एचआयव्ही आहे असं धरून काढलेले आहेत. पेपनं ही शक्यता आणखी खाली येते. तो माणूस आधीपासून एआरटीवर असेल आणि त्याच्या रक्तातले विषाणू दबलेले असतील, तर त्याहूनही कमी.

खरी काळजी हिपॅटायटिस बीची, म्हणजे तुम्ही विचारलेल्या काविळीची, करायला हवी, जिच्याबद्दल ठाण्यात कोणी चकार शब्द काढत नाही. लस न घेतलेल्याला अशा सुईतून बी होण्याची शक्यता शेकड्यात सहापासून तीसपर्यंत जाते, म्हणजे एचआयव्हीच्या कितीतरी पट. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. चांगली गोष्ट ही की त्याची लस आहे, आणि ती टोचल्यानंतर दिली तरी उपयोगी पडते. त्यामुळं कॅज्युल्टीत दुसरं वाक्य हे म्हणा: 'हिपॅटायटिस बीची लस झालेली नाही.' पहिला डोस लगेच देतात, आणि गरज वाटली तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही देतात, शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सीला लस नाही आणि पेपही नाही, पण तो झालाच तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नशेसाठी सुई टोचून घेणाऱ्यांमध्ये सी बराच असतो, म्हणून पुढच्या तपासण्यांत त्याची तपासणी चुकवू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. आरोपीचं रक्त तपासून काय बदलणार आहे, ते पाहू. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर गोळी चालू ठेवायची. तो कोणती औषधं घेतो ते कळलं तर क्वचित तुमचं औषध बदलतात. तो तपासणीला तयारच झाला नाही तर त्याची स्थिती अज्ञात धरून, टोचणं किती खोल होतं ते पाहून गोळी चालू ठेवायची. आणि निगेटिव्ह आला तर? इथं लोक फसतात. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, झटपट चाचणीत काही दिसत नाही. रस्त्यावर सुया वाटून घेणाऱ्या माणसाचा निगेटिव्ह रिपोर्ट मी तरी डोळे मिटून मान्य करत नाही. त्यानं गेल्या महिन्यात कोणाची सुई वापरली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. तिन्ही बाजूंनी पाहिलंत तर तुमची आज रात्रीची गोळी तीच.

मग त्याची तपासणी निरर्थक आहे का? नाही. अपघातात जखमी झालेल्याला उचलताना १०८ च्या माणसाच्या कापलेल्या हाताला त्याचं रक्त लागलं, जखमीला कसलंही व्यसन नाही, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर आम्ही पेप थांबवतो आणि त्या माणसाचे २८ दिवस वाचतात. हिपॅटायटिस बीच्या बाबतीतही स्रोताचा रिपोर्ट इम्युनोग्लोब्युलिनचा निर्णय सोपा करतो. तपासणी हवीच, पण ती संमतीनं.

सक्तीनं होते का? आपल्याकडे नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही. 'कोणाचीही' यात आरोपी आला, कैदी आला, तुम्ही आणि मीही आलो. कलम ६ मध्ये अपवाद आहेत: रक्तपेढीतली तपासणी, नाव न कळता होणारं सर्वेक्षण, अवयव किंवा वीर्य घेताना होणारी तपासणी, आणि न्यायालयाचा आदेश. हा शेवटचा अपवाद तुमच्या वरिष्ठांच्या डोक्यात असणार. पण त्यातली अट नीट वाचा. न्यायालयासमोर असलेल्या प्रकरणातला मुद्दा ठरवण्यासाठी चाचणी आवश्यक आहे, असं न्यायालयाला वाटलं पाहिजे. अपघातानं टोचलेल्या सुईच्या बाबतीत कुठला मुद्दा ठरवायचा आहे? आणि समजा आदेश मिळाला, तरी अर्ज, सुनावणी, समुपदेशन, नमुना यात ७२ तास केव्हाच निघून गेलेले असतात.

काही ठिकाणी अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या यादीतच हळूच 'एचआयव्ही, एचबीएसएजी करून मिळावे' असं लिहून पाठवतात (एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बीची चाचणी). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ चा, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या ५३ चा आधार आहे असा समज असतो. त्या कलमात रक्त घेता येतं, गरजेपुरता बळाचा वापरही करता येतो, पण गुन्ह्याचा पुरावा मिळण्याची शक्यता असेल तेव्हाच. पोलिसाच्या बोटात काय गेलं असेल, हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. त्या यादीवर सही करणारा डॉक्टर स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो, आणि मी तर अशी यादी परत पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे फक्त चाचणी करून घेण्यासाठी जीवघेणा रोग पसरवण्याचं कलम गुन्ह्यात घुसवणं. त्यातून ना औषध लवकर मिळतं, ना खटला टिकतो.

आता अनुभवाचं सांगतो. 'नाही' म्हणणारे बहुतेक जण नीट विचारलं तर हो म्हणतात. तुमच्या आरोपीला कोणी विचारलं, कुठं विचारलं? लॉकअपच्या गजाबाहेरून, चारजण उभे असताना, 'ए, तुला एड्स आहे का रे?' असं विचारलं असेल तर मीही नाहीच म्हणालो असतो. पोलिसानं विचारूच नये. आम्ही असं करतो: आयसीटीसीचा, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राचा, समुपदेशक त्याच्याशी बोलतो. गार्ड नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. आधी पाणी, जमलं तर चहा. मग स्पष्ट सांगायचं, 'तुमच्या खिशातली सुई एका माणसाला टोचली. त्याला लहान मुलं आहेत. तुमची तपासणी झाली तर त्याला औषध ठरवायला मदत होईल. तुम्हाला काही निघालं तर तुमचंही औषध फुकट सुरू होईल, जेलमध्येही मिळेल. रिपोर्टचा तुमच्या केसशी संबंध नाही. नको असेल तर नको म्हणा, त्याची शिक्षा नाही.' शेवटचं वाक्य गाळायचं नाही. ते म्हटल्यावर माणूस खांदे सैल सोडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. एकाला नशा उतरून थरथर सुटली होती. त्याला आधी त्याचा त्रास कमी करणारं औषध दिलं, मग दोन तासांनी विचारलं, तेव्हा त्यानं स्वतःच हात पुढं केला. नशेत किंवा तडफडीत घेतलेली संमती ही संमती नसते, म्हणून तुमच्या आरोपीला आज सकाळी नाही म्हणाला तरी संध्याकाळी पुन्हा विचारून बघायला हरकत नाही.

संमती घेताना निकाल तुमच्या डॉक्टरला आणि तुम्हाला सांगायला तो तयार आहे का, हेही लिहून घ्यायचं. त्याच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही. आणि कळलीच तर ती रिमांड रिपोर्टमध्ये, ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा पत्रकारांपर्यंत जाता कामा नये. हा गुन्हेगाराचा लाड नाही. जे आज त्याच्याबद्दल, ते उद्या तुमच्या स्वतःच्या रिपोर्टबद्दलही लागू आहे.

चाव्याबद्दलही लिहितो, कारण ठाण्यातून त्याचेच प्रश्न जास्त येतात. आरोपी चावला तर एचआयव्हीची शक्यता अगदी नगण्य. हाताच्या चाव्यात खरा धोका तोंडातल्या जंतूंचा, त्यासाठी अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. आणि रक्त आलं असेल तर ते पोलिसाचं आहे आणि आरोपीच्या तोंडात गेलं आहे. वैद्यकीय हिशेबानं तिथं दोघंही स्रोत आणि दोघंही बाधित. सक्तीच्या कायद्यांची मागणी करताना ही दुसरी बाजू कोणाच्या लक्षात येत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. तिथल्या काही राज्यांत असे कायदे आहेत हे खरं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं २०१४ मध्ये केला. न्यू साउथ वेल्सचा कायदा २०२१ चा, अंमल २०२२ पासून. पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, तुरुंग आणि आरोग्य कर्मचारी यांच्याशी कोणी मुद्दाम कृती करून आपलं रक्त, लाळ वगैरेंचा संपर्क आणला, तर कर्मचारी अर्ज करू शकतो आणि त्याच्याच खात्यातला वरिष्ठ अधिकारी तपासणीचा आदेश देऊ शकतो. आदेश मोडला तर दंड किंवा कैद. कॅनडातल्या ऑन्टॅरिओतही २००६ चा असाच कायदा आहे, तिथं खात्याबाहेरचं मंडळ निर्णय घेतं.

पण न्यू साउथ वेल्सची मुदत बघा. अर्ज करायला पाच कामाचे दिवस, निर्णयाला आणखी तीन. ७२ तासांच्या औषधासाठी हे वेळापत्रक काय कामाचं? तिथल्या एचआयव्हीतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला तो याच कारणानं, आणि लाळेचा समावेश केल्यामुळंही. शिवाय तुमची सुई 'मुद्दाम कृती'त बसणं कठीणच. त्यानं ती तुम्हाला खुपसली नाही, ती खिशात होती. म्हणजे सिडनीत असतात तरी त्या कायद्याचा आधार मिळालाच असता असं नाही. माझं मत विचाराल तर त्या कायद्यातली एकच गोष्ट उचलण्यासारखी आहे: अर्ज करण्याआधी कर्मचाऱ्यानं डॉक्टरला भेटायचं, शक्यतो २४ तासांत. आपल्याकडे सक्तीशिवायही हा नियम करता येईल.

सक्तीचा अनुभव आपल्याकडेही आहे. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणानं स्वेच्छेनं दिलेल्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्याला काही न सांगता पोलिसांकरवी उचललं आणि जुन्या टीबीच्या दवाखान्यात एकट्याला ६४ दिवस ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईनं उच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा न्यायालयानं ती तरतूद वैधही ठरवली. त्यानं रोग थांबला नाही, मात्र तपासणीला यायला लोक घाबरू लागले तर नवल नाही. २०१७ च्या कायद्यातला संमतीचा आग्रह असल्या अनुभवांतून आला आहे.

तुमच्या हक्काचं कलम वेगळंच आहे, आणि ते फारसं कोणी वापरत नाही. त्याच कायद्याचं कलम १९. जिथं कामामुळं एचआयव्हीच्या संपर्काचा मोठा धोका आहे, अशा प्रत्येक आस्थापनेनं कर्मचाऱ्यांना खबरदारीची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि पेप पुरवायचं आहे. हे फक्त दवाखान्यांपुरतं लिहिलेलं नाही. कॅज्युल्टीत कोणी 'पेप फक्त आमच्या स्टाफसाठी' म्हणालं तर वाद घालत बसू नका, मेडिकल ऑफिसरला या कलमाची आठवण करून द्या, नाहीतर १०९७ या हेल्पलाइनवर फोन करा. वरिष्ठांना कोर्टाची ऑर्डर मागायची हौस असेल तर तीच ताकद या कलमाखाली हातमोजे आणि लस मागण्यात लावा म्हणावं.

झडतीचंही सांगून ठेवतो. खिशात हात घालायचाच नाही. आधी विचारायचं, 'टोचणारं, कापणारं काही आहे का? असेल तर सांग, त्याबद्दल मारणार नाही.' मग खिसा बाहेरून चाचपायचा, अस्तर बाहेर ओढून उलटा करायचा. रात्री टॉर्च हवाच. साध्या रबरी मोज्यातून सुई आरपार जाते, पण जाता जाता तिच्यावरचं बरंचसं रक्त मोज्याला पुसलं जातं, म्हणून तेही घालायचे. सापडलेल्या सुईला टोपण लावायला जाऊ नका, बरेच लोक तिथंच टोचून घेतात. मुद्देमाल म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सील केली की पुढं कारकुनाला टोचते. जाड, झाकणाचा डबा वापरा, अगदी नाइलाज असेल तर जाड प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बाटली. टोचलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, पेट्रोल-हळद-स्पिरिट काही लावायचं नाही. तुम्ही पिळलं असणारच, त्याची चिंता करू नका. ती सुई एचआयव्हीसाठी तपासायला पाठवू नका, त्यातून भरवशाचं काही निघत नाही.

घरच्यांपासून लपवू नका. मुलांना जवळ घेणं, एका ताटात जेवणं, सगळं चालतं. पुढच्या तपासण्या होईपर्यंत कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही, एवढंच पथ्य. एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. २८ गोळ्यांतली एकही चुकवू नका. बंदोबस्त लागला तरी गोळ्यांची बाटली बरोबर ठेवा.

आणि लस. आज पहिला डोस घेतलात की दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची, म्हणजे लशीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांची, पातळी तपासा, दहाच्या वर आली की बीची चिंता मिटली. ठाण्यातल्या बाकीच्यांचं रजिस्टर काढून कोणाची लस झाली आहे ते बघा. झालेले बहुधा कमीच निघतील. त्यांचा पहिला डोस तुमच्या दुसऱ्या डोसच्या दिवशीच ठरवून टाका.